दार उघडतंय की मिटतंय

मंडळी, मागं आवाज येतोय का? मला माझाच आवाज दोनदा ऐकू येतोय म्हणून विचारलं. हा माईक तोंडाच्या किती जवळ धरायचा असतो ते मला कधी कळलं नाही. अध्यक्ष सर म्हणतात, आहे तसाच धरा. बरं.

आपण सगळे कामधंदा टाकून आलात. गजाभाऊंच्या फोटोला हार घातलात. मला त्या फोटोकडं बघत बोलता येणार नाही, म्हणून जरा तिरका उभा राहिलोय. राग मानू नका. शोकसभेत बोलायची मला सवय नाही. शाळा सातवीपर्यंत, तीसुद्धा परीक्षेच्या आधीच सुटली. सगळा जन्म माधवनगरच्या गिरणीत फिटर म्हणून गेला. तिथं मागांचा खडखडाट एवढा, की आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. काल मी सुभाषला, म्हणजे गजाभाऊंच्या मुलाला म्हणालो, "मला सोड बाबा, दुसऱ्या कुणाला तरी उभं कर." तर तो म्हणाला, "काका, अण्णांचं पिंप तुमच्याशिवाय कुणी फिरवलंय?" म्हणून उभा आहे. पिंप कसलं ते पुढं सांगतो.

मंडळी, मला एक गोष्ट कळत नाही. ती तुमच्यापुढं ठेवायची आहे. ठेवावी की नाही, हेही कळत नाही. सकाळी दोनदा चहा केला आणि दोन्हीदा प्यायचा राहिला.

मागं काही अनोळखी चेहरे दिसतात, म्हणून आधी थोडं सांगतो. गजाभाऊ म्हणजे गजानन पेंटर. ट्रकच्या फाळक्यावर, उसाच्या ट्रॉलीवर तुम्ही जे गुलाब आणि गरुड बघता, त्यांतले पुष्कळसे त्यांच्या हातचे. पण पोटापाण्याचं काम ते. त्यांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत होता. चित्र हलवायचं, हा त्यांचा नाद. सिनेमा नव्हे. सिनेमाच्या आधीची जी खेळणी होती, हातानं फिरवायची, ती.

त्याचं मूळ वाईला. गजाभाऊ मूळचे वाईचे. लहानपणी तिथं घाटावर एक माणूस पुठ्ठ्याच्या चकत्या विकायला बसायचा. चकतीच्या एका अंगाला पोपट, दुसऱ्या अंगाला रिकामा पिंजरा. दोन बाजूंना दोन दोऱ्या. दोऱ्या बोटांत धरून पिळल्या की चकती गरगरते आणि पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. गजाभाऊ मला म्हणायचे, "मारुती, मी त्या माणसाला विचारलं, पोपट आत गेला कवा? तर तो म्हणाला, पोपट कुठंच गेला न्हाई, तुजा डोळा गेला." हे सांगून ते हसायचे. मीही हसायचो. पण मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. पोपट एका बाजूला, पिंजरा दुसऱ्या बाजूला. मग मी जे बघितलं ते कुठं होतं?

पुढं त्यांनी आरशासमोर धरून फिरवायची चकती केली. तिला कडेनं फटी पाडलेल्या असायच्या. चकतीच्या मागं उभं राहायचं, फटीतून आरशात बघायचं, की चकतीवरचा पैलवान जोर काढायला लागतो. आणि मग ते पिंप. रंगाचा मोठा रिकामा डबा घेतला, वरच्या बाजूला उभ्या फटी कापल्या, बाहेरून काळा रंग दिला. खाली सायकलचं हब मी बसवलं. गिरणीतला फिटर ना मी. पिंप असं फिरायचं, की एकदा हात लावला तर तुमचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं नाही. आत चित्रांची लांब कागदी पट्टी लावायची. फटीतून बघायचं. घोडा पळतोय, पाणी रहाटातून पडतंय, म्हातारी जात्यावर दळतेय.

एकदा मी त्यांना म्हणालो, "आवं भाऊ, या फटी बारीक कशाला? मोठ्या करा की, माणसांना नीट दिसंल." ते म्हणाले, "करून बघ." मी पत्रा कापला. फट रुंद झाली आणि घोड्याचा नुसता धूर झाला. धूर म्हणजे काय, राखाडी पट्टा. गजाभाऊ म्हणाले, "डोळ्याला मधे मधे झाकावं लागतं रं. उघडा ठेवलास तर त्याला काय बी दिसत न्हाई." आता हे मला सांगा मंडळी, झाकल्यावर दिसतं आणि उघडलं की दिसत नाही, हे कसं? मी दुसरा डबा आणून पुन्हा बारीक फटी पाडल्या.

ते पिंप घेऊन आम्ही जत्रांना जायचो. पैशासाठी नव्हे, हे सांगायला पाहिजे, कारण लोकांना तसं वाटायचं. बघा आणि पुढं जा. लोक काय काय बोलायचे! एक बाई म्हणाली, "ह्यात सेल कुठं घालायचा?" एका तरुण गड्यानं मोबाईल काढून दाखवला, म्हणाला, "काका, हितं अख्खा पिक्चर दिसतोय, तुमचा घोडा कवापास्नं त्याच जागी पळतोय." गजाभाऊ म्हणाले, "तुझ्या पिक्चरमधला घोडा थांबवून दाखव." त्यानं थांबवला. "आता उलटा पळव." त्याला येईना. गजाभाऊंनी पिंप उलटं फिरवलं, घोडा मागं मागं पळायला लागला. पोरं टाळ्या वाजवून लोळायची बाकी राहिली.

पण तिथंच एक म्हातारे बुवा उभे होते. ते तापले. म्हणाले, "देवाच्या दारात उलटं काय फिरवताय? प्रदक्षिणा अशी घालतात व्हय?" लोक गोळा झाले. आम्ही हात जोडले. त्या दिवसापासून गजाभाऊंनी मला सांगून ठेवलं, "मारुती, देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेनं फिरवायचं. दुसऱ्या बाजूनं हात लावायचा न्हाई." मी कधी लावला नाही. पट्ट्याही ते त्याच हिशेबानं काढायचे. पट्टी तयार झाली की मला हाक यायची, "मारुती, ये रं, फिरव." ते समोर बसून बघायचे, मी फिरवायचो. हे लक्षात ठेवा मंडळी. मी स्वतः हे धरून बसलोय आणि त्यातूनच माझा गोंधळ झालाय.

काय आक्का? हो, हो. लांबतंय, मला कळतंय. आक्का म्हणजे गजाभाऊंच्या थोरल्या बहीण, या पुढं बसल्यात. त्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे. मी आटपतो. पण आता जे सांगायचंय ते आटपता येत नाही.

गजाभाऊंना एक मुलगी आहे. शालन. मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. ती मागं बसली आहे, खांबाजवळ. शालन, तुझ्याबद्दल बोलतोय बाळ, तुला विचारून बोलतोय हे लोकांना कळू दे. तिनं मला परवानगी दिली आहे. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मुलगा चांगला आहे, पण गजाभाऊंना विचारलं नव्हतं. ती सांगायला आली, तेव्हा गजाभाऊ अंगणात एका ट्रॉलीच्या फाळक्यावर नाव घालत होते. मी शेजारी उभा होतो. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाले, "या घराचं दार तुला आजपास्नं बंद." एवढंच. आवाज चढवला नाही. पुन्हा नाव घालायला लागले. ती गेली.

सांगली ते मिरज किती लांब? बसमध्ये बसायला जागा मिळते न मिळते तोवर मिरज येतं. एवढं अंतर बाप-लेकीनं इतकी वर्षं ओलांडलं नाही. ओलांडलं नाही म्हणावं, तर गजाभाऊ रंग आणायला मिरजेला जायचे. मी म्हणायचो, "भाऊ, सांगलीत रंग मिळत न्हाई व्हय?" तर म्हणायचे, "तिकडं सुटा मिळतो." म्हणजे त्यांच्या मनात होतं म्हणावं का? पण मी शालनचं नाव काढलं की पट्टी गुंडाळून उठून आत जायचे. म्हणजे नव्हतं म्हणावं का? मला कळत नाही.

ते गेले. तो दिवस सगळ्यांना माहीत आहे. शालन धावत आली. बापाच्या पायाला हात लावला तो अंगणात, माणसं त्यांना बाहेर घेऊन आली तेव्हा. घरात गेली नाही. नंतरचे सगळे दिवस आली, मांडवात बसली, भांडी घासली, स्वयंपाकाला भाजी चिरून दिली, सगळं अंगणात. बायका म्हणायच्या, "आत ये की गं." ती म्हणायची, "हितंच बरं वाटतंय." उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. का ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर सुभाषनं अण्णांची खोली आवरायला घेतली. पिंप टेबलावर होतं. आत एक पट्टी लावलेली होती, कुणी न बघितलेली. मीही नाही बघितलेली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी बांधून घरी पडलो होतो. त्या दिवसांत त्यांनी ती काढली असणार. नाहीतर मला हाक आली असती. आली असती ना?

सुभाषनं पिंप बाहेर आणून कट्ट्यावर ठेवलं, बहिणीलाही बघता यावं म्हणून. चांगल्या मनानं आणलं. आम्ही सगळे जमलो. पट्टीवर काय होतं? दार. दुसरं काहीच नाही. माणूस नाही, झाड नाही, पाखरू नाही. त्यांच्या स्वतःच्या घराचं दार. तीच हिरवी चौकट, तीच पितळी मूठ, खालच्या कोपऱ्यात लाकूड कुजलं होतं तिथं मारलेलं पत्र्याचं ठिगळ. एका चित्रात दार बंद. पुढच्यात बोटभर उघडं. त्याच्या पुढच्यात थोडं जास्त. असं करत करत शेवटच्यात सताड उघडं. किंवा उलटं म्हणा. सताड उघडं, मग थोडं कमी, आणि शेवटी बंद. आता पहिलं चित्र कुठलं आणि शेवटचं कुठलं? पट्टी तर गोल लावलेली. एका बाजूनं फिरवलं तर दार उघडतं. दुसऱ्या बाजूनं फिरवलं तर दार मिटतं.

सुभाषनं हात लावला. त्याला काय माहीत कुठून फिरवायचं? तेवढ्यात आक्का आतून म्हणाल्या, "सरळ फिरव रं सुभाष. घरातनं माणूस गेलंय, उलटं काय फिरवू नगंस." आक्कांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आपल्यात कोण फिरवेल उलटं? तेराव्याच्या दिवशी? माझा हात असता तरी मी सरळच फिरवलं असतं. सुभाषनं प्रदक्षिणेच्या दिशेनं फिरवलं. आम्ही फटीला डोळा लावला. दार मिटत होतं. मिटायचं, मिटायचं, पुन्हा मिटायचं.

शालननं बघितलं. म्हणाली, "दादा, परत फिरव." त्यानं फिरवलं. तिनं परत बघितलं. मग कोपऱ्यातली पर्स उचलली, चप्पल घातली. सुभाष म्हणाला, "कुठं चाललीस?" ती म्हणाली, "ड्युटी हाय." ड्युटी नव्हती. तिनं रजा काढली होती, हे मला नंतर कळलं.

आता पुढचं ऐका. इथं माझं डोकं पार फिरलं. सुभाषनं त्या वेळी मोबाईलवर शूटिंग घेतलं होतं. शालनला बरं वाटावं म्हणून त्यानं ते तिला पाठवलं. वडिलांची शेवटची पट्टी, आठवण म्हणून. दुसऱ्या दिवशी शालन माझ्या दारात. घाबरलेली. पाणीसुद्धा प्यायली नाही. मोबाईल माझ्यापुढं धरला. "काका, बघा." मी बघितलं. मोबाईलमध्ये दार उघडत होतं.

तेच पिंप, तीच पट्टी, तीच दिशा, सुभाषचा तोच हात. डोळ्यांनी बघितलं तेव्हा दार मिटत होतं. मोबाईलमध्ये उघडतंय. मी चष्मा पुसला. परत बघितलं. उघडतंय.

ती म्हणाली, "काका, खरं कुठलं? तुमी आयुष्यभर त्यांच्यासंगं फिरवलंय. अण्णांनी दार उघडलं होतं का मिटलं होतं, तेवढं सांगा. वाईट असलं तरी सांगा. मी लहान न्हाई."

मंडळी, ती माझ्यासमोर उभी, मोबाईल हातात. मी म्हणालो, "बस बाळ, चहा टाकतो." आणि चहाची पूड कुठं ठेवली तेच आठवेना.

मी सरांकडं गेलो. सर इथं अध्यक्ष आहेत, त्यांनी मला खूप वेळ समजावून सांगितलं. सर म्हणाले, मोबाईल सलग बघत नाही. तोही थांबून थांबून बघतो, आपल्या वेगळ्या तालात. त्याचा ताल आणि फटींचा ताल जुळला नाही की चाक उलटं फिरल्यासारखं दिसतं. मोबाईल गंडतो, सर म्हणाले, त्याचं धरू नका. मी म्हणालो, "सर, मोबाईल गंडतो हे खरं. पण डोळाही गंडतोच ना? नाहीतर कागदावरचं दार हललंच नसतं." सर माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं मी काहीतरी वेडंवाकडं बोललो. मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी कसली.

मग सरांनी दुसरं सांगितलं. म्हणाले, मारुतीराव, असं बघा, पिंपात कुठलंच दार बंद राहात नाही. पुन्हा मिटायचं तर आधी पुन्हा उघडावं लागतं. हे शालनला सांगा. मला ते फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. घरी आलो, हातपाय धुतले, आणि मनात आलं, हे उलटंही तेवढंच खरं आहे की. पिंपात कुठलंच दार उघडंही राहात नाही. पुन्हा उघडायचं तर आधी पुन्हा मिटावं लागतं. मग ते शालनला सांगता येईना. सर, तुमचं चुकलं असं नाही. मलाच ते पेलवलं नाही.

मग रात्रंदिवस माझं हेच. गजाभाऊ डावखुरे होते. ब्रश डाव्या हातात. जेवणाचा हात सोडला तर सगळं डाव्यानं. मी नसताना, एकटे टेबलाशी बसून त्यांनी पिंपाला हात लावला असेल, तर कुठला लावला असेल? डावाच ना? आणि डाव्या हातानं आपण वस्तू जशी आपल्याकडं ओढतो, तशी ओढली तर पिंप उलटं फिरतं. मी घरी परातीवर करून बघितलं. उलटंच फिरतं. मग दार उघडतं. मला एवढा आनंद झाला, की मी तसाच उठलो, मिरजेची बस धरायला निघालो, स्टँडपर्यंत गेलो.

आणि स्टँडवर मला आठवलं, की त्यांनी पट्ट्या स्वतःच्या हातासाठी कधी काढल्याच नाहीत. माझ्या हातासाठी काढल्या. जत्रेतल्या त्या बुवांनंतर प्रत्येक पट्टी सरळ फिरवायच्या हिशेबानं. हीपण तशीच असेल तर दार मिटतं. बस समोर लागली होती. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढताय का उभंच ऱ्हाताय?" मी उभाच राहिलो.

गजाभाऊ पट्टीच्या मागं आकडे घालायचे, चित्रांचा क्रम चुकू नये म्हणून. या पट्टीच्या मागं काही नाही. कोरी आहे. विसरले असतील. नाही तर घातलेच नसतील. मला कळत नाही.

आज सकाळी सुभाष आला. तो माझ्या मुलासारखा आहे, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, तो मला रागावणार नाही. तो म्हणाला, "काका, तुमी सभेत सांगून टाका, दार उघडतंय म्हणून. तुमचं ती ऐकंल. दुसऱ्या कुणाचं ऐकायची न्हाई." मी म्हणालो, "आणि मिटत असंल तर?" तो म्हणाला, "असू द्या. अण्णा आता काय सांगायला येणार हायेत?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला बहीण घरात पाहिजे आहे. त्यात काय वाईट आहे? मी हो म्हणालो. खरं सांगतो, मी हो म्हणूनच घरातून निघालो होतो. वाटेत घोकत आलो. शालन, दार उघडतंय. शालन, दार उघडतंय.

इथं उभा राहिलो आणि ती मागं खांबाजवळ दिसली. ती मला म्हणाली होती, वाईट असलं तरी सांगा. आता मी चांगलं सांगितलं आणि ते खरं नसलं, तर ती ते घेऊन जन्मभर जगणार. आणि एखाद्या दिवशी तिला वाटलं, की मारुतीकाका मनातलं बोलले, अण्णांचं नाही, तर? मग तिच्याजवळ ना बाप राहील, ना मी. मेलेल्या माणसाच्या तोंडात मी माझा शब्द कसा घालू? त्यांनी "बंद" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. "उघड" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आणि "बंदच राहू दे" असंही पुन्हा कधी ऐकलेलं नाही. माझ्याजवळ एवढंच आहे.

म्हणून शालन, मला ठाऊक नाही. दार उघडतंय की मिटतंय, मला ठाऊक नाही बाळ. कुणाला ठाऊक असेल असंही मला वाटत नाही. पिंप इथं टेबलावर आहे. मी त्याला हात लावणार नाही. तुला राग आला तर मी समजून घेईन. तू एवढ्या आशेनं...

काय? आक्का, काय म्हणताय? माईकवर सांगा. उठवत नाही? बरं, बसूनच बोला, मी लोकांना सांगतो. मागं गप्प बसा जरा. आक्का म्हणतात, त्यांच्याच शब्दांत सांगतो, आक्का म्हणतात, "मगाधरनं दार दार काय लावलंय? गजा माझ्यापरीस धाकटा. मी त्या घरातली थोरली. त्यानं दार बंद केलं, तवा मला कुणी इचारलं होतं व्हय?"

आक्का, मग इतकी वर्षं तुम्ही का नाही...

आक्का म्हणतात, "तूबी गप बस."

बरं. गप बसतो.

अजून काय? हो, सांगतो. शालन, आक्का तुला म्हणतात, "पोरी, त्या पिंपाला मी सरळ फिरवाय लावलं. मला काय म्हाईत आत काय हाय? आता माझं गुडघं चालत न्हाईत, मला धरून घरात न्यायला कोण तरी लागतंय. सुभाषचा हात कडक हाय, दुखतंय. तूच ये."

शालन?

सुभाष, तू बस खाली. तू मधे पडू नको.

उठली. मंडळी, खांबाकडच्या लोकांनी जरा पाय आवरा, तिला वाट द्या. चपला असू देत तिथंच. ये बाळ. आक्का, सरका थोडं, सतरंजीवर जागा करा. हं.

नाही, नाही, रडू द्या त्यांना. कुणी पाणी आणायला उठू नका. थांबा.

मला आणखी काही बोलायचं नाही. काही राहिलं असेल तर ते मला आठवत नाही. आपण सगळे गजाभाऊंसाठी उभे राहू. आक्का, तुम्ही बसूनच राहा. शालन, तूही त्यांच्याजवळ बसलीस तरी चालेल. किती वेळ उभं राहायचं ते सर सांगतील, मी घड्याळ बघणार नाही. डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे ते ज्याचं त्यानं बघा. कुणी बोलू नका एवढंच.

गजाभाऊ, कुठल्या बाजूनं फिरवायचं ते सांगून जायचं होतंत हो. मी यायला तयार होतो. एका डोळ्यानं का होईना, आलो असतो. मला कळलं नाही. एवढंच सांगायला आज उभा राहिलो होतो. माझा नमस्कार घ्या.